सी लायब्ररी नसलेल्या प्लॅटफॉर्मची बिल्ड-रचना : एका बूटलोडरचे प्रकरण

एसटीएम३२एफ४०७ या मायक्रोकंट्रोलरसाठीच्या एका बूटलोडरमध्ये (यंत्र सुरू होताच आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) झेडलिब या संकोचन-लायब्ररीचा इन्फ्लेट हा भाग, म्हणजे संकुचित फर्मवेअर उलगडणारा कोड, बसवायचा होता आणि तो सी भाषेच्या प्रमाण लायब्ररीचा आधार न घेता बसवायचा होता. नवा कोड लिहिण्याचे काम त्यात थोडेच होते. खरा वेळ गेला तो ‘या प्लॅटफॉर्मवर सी लायब्ररी नाही’ ही साधी वस्तुस्थिती बिल्ड यंत्रणेच्या गळी उतरवण्यात, आणि या लेखाचा विषयही तेवढाच आहे.

या चिपमध्ये कॉर्टेक्स-एम४ गाभा, १ मेगाबाइट फ्लॅश आणि १९२ किलोबाइट रॅम असते. फ्लॅशचे खंड समान नसतात: पहिले चार प्रत्येकी १६ किलोबाइटचे, पाचवा ६४ किलोबाइटचा आणि उरलेले सात प्रत्येकी १२८ किलोबाइटचे. बूटलोडर पहिल्या दोन खंडांत, म्हणजे ३२ किलोबाइटमध्ये मावायला हवा होता, आणि त्या खंडांवर लेखनबंदी घातली जाणार होती. एकदा यंत्र ग्राहकाकडे गेले की हा कोड बदलता येणार नाही, म्हणून त्यात कोणते फंक्शन कुठून आले हे शेवटच्या नावापर्यंत ठाऊक असले पाहिजे, अशी अट सुरुवातीलाच ठरली. आर्मच्या बेअर-मेटल (ऑपरेटिंग सिस्टमविना चालणाऱ्या) चिपसाठीच्या जीसीसी टूलचेनसोबत, म्हणजे कंपाइलर-लिंकर संचासोबत, न्यूलिब ही सी लायब्ररी येते आणि ती चांगली आहे. मात्र मजकूर छापणारा एक प्रिंटएफ वापरला की त्यामागून स्मृती वाटणारा मॅलॉक, मॅलॉकमागून सिस्टमकडे स्मृती मागणारा एसबीआरके आणि फाइल-लेखनाची प्रणाली-फंक्शने अशी रांग लागते. ज्या बूटलोडरला ना फाइल आहे ना पडदा, त्यात ही रांग नको होती.

सी भाषेच्या प्रमाणग्रंथाला ही परिस्थिती अपरिचित नाही. त्यात ‘होस्टेड’ (पूर्ण लायब्ररीसह) आणि ‘फ्रीस्टँडिंग’ (तिच्याशिवाय) असे दोन प्रकार सांगितले आहेत, आणि दुसऱ्या प्रकारात कंपाइलरने मोजकेच हेडर पुरवावेत अशी अपेक्षा आहे. सी८९मध्ये असे चार हेडर होते, सी९९मध्ये सात झाले आणि सी११मध्ये नऊ. या हेडरमध्ये मुख्यतः प्रकार, मर्यादा आणि मॅक्रो असतात. लिंक करावे लागेल असे काही त्यांत नसते. व्यवहारात मात्र एक जास्तीची अट येते, आणि ती जीसीसीच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेली आहे: फ्रीस्टँडिंग पर्याय दिला तरी मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकम्प ही स्मृती हाताळणारी चार फंक्शने उपलब्ध आहेत असे कंपाइलर गृहीत धरतो. एखादे मोठे स्ट्रक्चर दुसऱ्याला नेमून दिले, तर मूळ कोडमध्ये कुठेही न लिहिलेली मेमकॉपीची हाक ऑब्जेक्ट फाइलमध्ये सापडू शकते. ‘लायब्ररी नाही’ याचा प्रत्यक्षातला अर्थ म्हणूनच ‘ही चार फंक्शने आपली आपण द्यायची’ असा होतो.

पहिला अडथळा: कंपाइलर ‘नादुरुस्त’

प्रकल्पाची बिल्ड सीमेक या बिल्ड-साधनावर चालते. टूलचेन फाइलमध्ये सिस्टमचे नाव ‘जेनेरिक’ आणि कंपाइलरचा मार्ग एवढेच देऊन पहिली धाव घेतली, तेव्हा सीमेकने हा कंपाइलर साधा चाचणी-प्रोग्रॅमही कंपाइल करू शकत नाही असे सांगून काम थांबवले. कंपाइलर अर्थातच ठणठणीत होता. सीमेक आरंभी एक छोटा प्रोग्रॅम कंपाइल करून त्याचे एक्झिक्युटेबल बनवून पाहतो. त्या वेळी न्यूलिबचा आरंभ-कोड आणि एक्झिट हे फंक्शन जोडले जाते, आणि एक्झिटला ज्या प्रणाली-फंक्शनची गरज असते ते बेअर-मेटल टूलचेनमध्ये कोणीच दिलेले नसते. अपयश लिंकिंगचे, म्हणजे तुकडे जोडण्याचे, होते, ठपका मात्र कंपाइलरवर आला.

या संदेशावर दोन उपाय सर्रास सुचवले जातात, आणि दोन्हींनी तो संदेश जातो. दोन्हींनी पुढे काय होते हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

पहिला उपाय म्हणजे ‘नोसिस’ नावाची स्पेक्स, म्हणजे जीसीसीच्या पर्यायांची तयार फाइल, जोडणे. त्याने प्रणाली-फंक्शनांच्या जागी पोकळ फंक्शने येतात, जी बोलावल्यावर केवळ अपयशाचे मूल्य परत करतात. लिंकिंग पार पडते, पण त्याचे कारण असे की संपूर्ण न्यूलिब आता दारातून आत आलेले असते. बूटलोडरमध्ये चुकून कोणी एसप्रिंटएफ लिहिले, तर बिल्ड तक्रार करणार नाही. ३२ किलोबाइटची मर्यादा ओलांडली जाईल तेव्हाच ते लक्षात येईल, आणि तोवर आणखी चार ठिकाणी ते पसरलेले असेल. ज्या प्लॅटफॉर्मवर लायब्ररी नाही असे ठरवले आहे, त्याच्या वर्णनात ती गुपचूप घालणारा हा उपाय आहे.

दुसरा उपाय अधिक प्रतिष्ठित आहे, कारण तो सीमेकनेच ३.६ या आवृत्तीपासून दिला आहे: चाचणी-प्रोग्रॅमचे एक्झिक्युटेबल न करता त्याची स्टॅटिक लायब्ररी बनवायची. स्टॅटिक लायब्ररी म्हणजे ऑब्जेक्ट फाइलींचा गठ्ठा. तिथे लिंकर चालतच नाही, म्हणून अपयशही येत नाही. कंपाइलरची तपासणी पार पडते आणि बहुतेक प्रकल्प येथेच समाधान मानतात. आमच्या प्रकरणात गुंता येथूनच सुरू झाला.

उत्तर ‘होय’, प्रश्न कोणताही असो

झेडलिबच्या सीमेक फाइलमध्ये, फाइलीतली जागा बदलणारे एफसीको हे फंक्शन प्लॅटफॉर्मवर आहे का, असा प्रश्न विचारला जातो. सीमेकची ही तपासणी फंक्शनची स्वतःच एक खोटी घोषणा करते, त्याला हाक मारणारा चिमुकला प्रोग्रॅम लिहिते आणि तो लिंक होतो का ते पाहते. सगळा निवाडा लिंकरवर सोपवलेला आहे. लिंकरच काढून टाकला, तर घोषणा आहे आणि हाक आहे, एवढ्यावर कंपाइलर खूश असतो आणि उत्तर ‘होय, आहे’ असे येते. एफसीकोच्या जागी मनाला येईल ते नाव घालून पाहावे. उत्तर तेच मिळेल. हेडरसह चिन्ह शोधणारी दुसरी तपासणी थोडी बरी, कारण तिथे निदान हेडरमध्ये घोषणा असावी लागते. पण घोषणा आणि अस्तित्व यांतला फरक तिलाही या अवस्थेत कळत नाही.

म्हणजे पहिल्या उपायात ‘न्यूलिबमध्ये आहे’ म्हणून होकार येतो आणि दुसऱ्या उपायात विचारायलाच कोणी नाही म्हणून होकार येतो. बूटलोडरसाठी दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. माझ्या मते लायब्ररीविना बिल्ड करताना होणाऱ्या गोंधळाचे मूळ हेच आहे: ‘नाही’ ही माहिती कुठेही नोंदवलेली नसते, म्हणून यंत्रणा ती अनुमानाने मिळवू पाहते, आणि तिची अनुमानाची पद्धत लायब्ररी असलेल्या संगणकासाठी घडवलेली असते.

ऑटोकॉन्फ या दुसऱ्या बिल्ड-साधनाच्या जगातही हीच अडचण आहे आणि तिथे फंक्शनांच्या उत्तरांची एक फाइल आधीच भरून देण्याची जुनी चाल आहे. मेसन या साधनात क्रॉस फाइलीत (दुसऱ्या यंत्रासाठीच्या बिल्डच्या वर्णनात) सिस्टमचे मूल्य ‘नन’ असे लिहिता येते आणि आरंभीची तपासणी वगळण्याचा वेगळा गुणधर्म आहे. बेझल या साधनाच्या सामायिक प्लॅटफॉर्म संग्रहात ऑपरेटिंग सिस्टमसाठी ‘नन’ हे मूल्य मिळते, आणि सी लायब्ररीसाठी प्रकल्पाला स्वतःची निर्बंध-श्रेणी जाहीर करता येते. त्या श्रेणीला पूर्वनिर्धारित मूल्य द्यायचे की नाही हा निर्णय जपून घ्यावा, कारण ग्लिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) हे पूर्वनिर्धारित ठेवले, तर ज्या प्लॅटफॉर्मने काहीच सांगितलेले नाही तो ग्लिबसीवाला ठरतो. ‘काहीच सांगितले नाही’ आणि ‘नाही असे सांगितले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा मार्ग

आम्ही निवडलेला मार्ग दोन्हींहून साधा आहे आणि तो इतका कमी वापरला जातो याचे आश्चर्य वाटते. चाचणी-प्रोग्रॅम एक्झिक्युटेबलच राहू द्यायचा, लिंकर चालू द्यायचा, मात्र टूलचेन फाइलीतल्या लिंकरच्या आरंभीच्या पर्यायांत ‘नोस्टडलिब’ लिहायचे. या पर्यायाने आरंभ-कोडही जोडला जात नाही आणि प्रमाण लायब्ररीही नाही. सीमेकच्या चाचणी-प्रोग्रॅममध्ये मेनशिवाय फारसे काही नसते, त्याला लायब्ररीची गरजच नसते. ग्नूचा लिंकर ‘स्टार्ट’ हे प्रवेशचिन्ह सापडले नाही अशी सूचना देतो आणि तरीही फाइल बनवतो. ही सूचना आहे, चूक नाही. तपासणी पार पडते. मग एफसीकोचा प्रश्न येतो, लिंकर ते नाव शोधतो, त्याला ते सापडत नाही, आणि उत्तर ‘नाही’ असे येते. इतक्या खटाटोपानंतर मिळालेले ते पहिले खरे उत्तर होते.

या मार्गाला दोन पथ्ये आहेत. लिंकर स्क्रिप्ट आणि न वापरलेले विभाग गाळण्याचा पर्याय टूलचेन फाइलीत घालू नये. ते बूटलोडरच्या टार्गेटवर घालावेत. चाचणी-प्रोग्रॅमला प्रवेशबिंदू नसतो, त्यामुळे ‘कोठून पोहोचता येते’ हे मोजायला आरंभच नसतो आणि गाळणीनंतर आलेल्या उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही. दुसरे पथ्य असे की टूलचेन फाइल प्रत्येक चाचणी-बिल्डच्या वेळी पुन्हा वाचली जाते, पण बाहेरून दिलेले आपले चल तिथे आपोआप पोहोचत नाहीत. ते पोहोचवायचे असतील तर त्यांची नावे सीमेकच्या एका ठरलेल्या यादीत घालावी लागतात. सी लायब्ररीचे मूल्य ‘नन’ असे सांगणारा चल आमच्या टूलचेन फाइलीने वाचायचा होता, आणि ही यादी भरली नसती तर मुख्य बिल्डला एक उत्तर आणि तपासण्यांना दुसरे, असा प्रकार झाला असता.

एवढे झाल्यावरही युनिस्टडी हे हेडर प्लॅटफॉर्मवर आहे असेच सीमेक सांगत राहिला. कारण सरळ आहे: नोस्टडलिब हा लिंकरशी संबंधित पर्याय आहे, हेडर शोधणाऱ्या भागाला त्याची खबर नसते, आणि न्यूलिबचे हेडर टूलचेनच्या निर्देशिकेत जागच्या जागी असतात. लायब्ररी काढली तरी तिची पाटी दारावर राहते. ती उतरवण्यासाठी ‘नोस्टडइन्क’ द्यावे लागते, पण त्याने कंपाइलरचे स्वतःचे हेडरही जातात, ज्यांच्यावर फ्रीस्टँडिंग कोडचा हक्क आहे. म्हणून जीसीसीलाच त्याच्या समावेश-निर्देशिकेचा मार्ग विचारून तो सिस्टम-हेडरचा मार्ग म्हणून परत जोडला. जीसीसीचे स्टडइन्ट हे हेडर होस्टेड अवस्थेत लायब्ररीच्या हेडरकडे बोट दाखवते आणि फ्रीस्टँडिंग अवस्थेत स्वतःची प्रत वापरते. त्यामुळे नोस्टडइन्क दिले आणि फ्रीस्टँडिंग विसरले, तर याच ठिकाणी बिल्ड अडते. हे अडणे आम्हाला हवेच होते.

स्वतःलाच हाक मारणारे मेमसेट

चार अनिवार्य फंक्शने एका वेगळ्या फाइलीत लिहिली होती आणि त्यांची एक छोटी लायब्ररी केली होती. फ्रीस्टँडिंग हा पर्याय मात्र बूटलोडरच्या टार्गेटवर खासगी म्हणून लावलेला होता, त्यामुळे या छोट्या लायब्ररीला तो मिळाला नाही. बिल्ड निर्दोष झाली. बोर्डवर चढवल्यावर नियंत्रण मेनपर्यंत पोहोचेचना.

डिसअसेम्ब्लीत, म्हणजे यंत्र-कोड वाचनीय करून पाहिल्यावर, कारण दिसले. मेमसेटमध्ये एक साधा लूप होता, प्रत्येक बाइटवर मूल्य लिहिणारा. जीसीसीच्या ऑप्टिमायझरमध्ये अशा लूपचा आकार ओळखून त्याच्या जागी मेमसेटची हाक घालण्याची सोय आहे, आणि ती त्याने इमानेइतबारे वापरली होती. परिणामी मेमसेट स्वतःलाच बोलावत राहिले. आरंभ-कोड शून्य करायच्या स्मृतिभागासाठी मेमसेट वापरत होता, म्हणून मेनच्या आधीच सगळे थांबले.

अलीकडच्या जीसीसीत फ्रीस्टँडिंग दिल्यावर हे रूपांतर बंद होते, आणि ते नेमके बंद करणारा स्वतंत्र पर्यायही आहे. आम्ही दोन्ही केले: फ्रीस्टँडिंग टूलचेन फाइलीत हलवले, म्हणजे कोणत्याही टार्गेटला ते चुकवता येणार नाही, आणि रूपांतरबंदीचा पर्याय त्या एका फाइलीवर लावला. लायब्ररीचा अभाव हा प्लॅटफॉर्मचा गुण आहे, टार्गेटचा नाही. तो टार्गेटवर लिहिला तर पुढचे टार्गेट लिहिणारा माणूस तो विसरणार हे गृहीत धरावे.

याच सुमारास दुसरा कंपाइलर म्हणून क्लँगवर बिल्ड करून पाहिली, तेव्हा लिंकरने मेमसेटऐवजी आर्मच्या ईएबीआय या बायनरी-करारामधील, त्याच अर्थाच्या पण वेगळ्या नावाच्या फंक्शनांची मागणी केली. क्लँग या लक्ष्यासाठी ईएबीआयची नावे वापरतो, जीसीसी साधारणपणे नेहमीची. नव्या नावांना जुन्या फंक्शनांचे टोपणनाव द्यावे हा मोह मेमकॉपीपुरता चालतो. मेमसेटला तो चालत नाही, कारण ईएबीआयच्या रूपात दुसरे आणि तिसरे आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेली माहिती) उलट क्रमाने येतात: आधी लांबी, मग मूल्य. कोऱ्या फ्लॅशसारखा दिसावा म्हणून ६४ बाइटचा बफर २५५ या मूल्याने भरायला सांगितला, तर टोपणनावाचे मेमसेट २५५ बाइटवर ६४ हे मूल्य लिहील, म्हणजे बफरच्या पलीकडचे १९१ बाइट बिघडवील. लिंकरला यात काहीही वावगे दिसत नाही. म्हणून ईएबीआयची फंक्शने वेगळी लिहून, आत आर्ग्युमेंट जागच्या जागी लावले.

नोस्टडलिबने आणखी एक वस्तू जाते, जी जायला नको असते: लिबजीसीसी. ती सी लायब्ररी नव्हे, कंपाइलरचीच सोबतीण आहे. कॉर्टेक्स-एम४ला ३२ बिटांचा भागाकार हार्डवेअरमध्ये करता येतो, ६४ बिटांचा येत नाही. वेळ मोजणाऱ्या एका ओळीत असा भागाकार होता आणि तिथे लिबजीसीसीतले फंक्शन लागले. ती लिंक-ओळीच्या शेवटी जोडावी लागते, आणि लिंकर थेट न बोलावता जीसीसीमार्फत बोलावावा, कारण गाभा आणि फ्लोटिंग-पॉइंटच्या पद्धतीनुसार लिबजीसीसीची योग्य प्रत निवडण्याचे ज्ञान जीसीसीकडे असते.

झेडलिबचा मोजका भाग

सीमेक आता खरी उत्तरे देत होता, तरी झेडलिबची स्वतःची सीमेक फाइल शेवटी वापरली नाही. ती फाइल-वाचनाचा भागही बिल्ड करते आणि बूटलोडरला त्याचा उपयोग नाही. गझिपचे वेष्टन हाताळणारा भाग वगळला, की इन्फ्लेटला पाच स्रोत-फाइली पुरतात: इन्फ्लेट, इनफास्ट, इन्फट्रीज, ॲडलर३२ आणि झेडयूटिल. त्या पाच फाइलींचे आपले टार्गेट लिहिणे हे दुसऱ्याच्या बिल्ड फाइलीला वळवत बसण्यापेक्षा स्वस्त पडते, असे माझे मत आहे. झेडलिबची नवी आवृत्ती घेताना मात्र ही यादी पुन्हा तपासावी लागेल.

झेडलिबमध्ये अशा परिस्थितीसाठी ‘झेड-सोलो’ हा मॅक्रो आहे. तो दिला की फाइल-वाचन आणि पूर्वनिर्धारित स्मृतिवाटप दोन्ही वगळले जातात. त्यानंतर वाटप आणि मुक्ततेची फंक्शने न देता इन्फ्लेट सुरू केला, तर तो प्रवाह-त्रुटीचे मूल्य, म्हणजे उणे दोन, परत करतो. संकुचित माहितीत दोष असावा अशी शंका त्यामुळे येते. प्रत्यक्षात केवळ दोन फंक्शन-पॉइंटर रिकामे असतात. झेडलिबच्या हेडरमधील टिपेनुसार इन्फ्लेटला पूर्ण खिडकीसाठी (आधी उलगडलेली माहिती हाताशी ठेवण्याच्या जागेसाठी) ३२ किलोबाइट आणि इतर किरकोळ गोष्टींसाठी सुमारे ७ किलोबाइट लागतात. वाटपाची मागणी प्रत्येक उलगडणीत जास्तीत जास्त दोनदा होते, एकदा अवस्थेसाठी आणि एकदा खिडकीसाठी, म्हणून ४० किलोबाइटचा एक स्थिर अ‍ॅरे आणि पुढे सरकणारा एक पॉइंटर एवढे वाटपयंत्र पुरले. हा अ‍ॅरे गाभ्याला थेट जोडलेल्या ६४ किलोबाइटच्या रॅममध्ये ठेवला. तिथे डीएमए (प्रोसेसरविना माहिती हलवणारे हार्डवेअर) पोहोचत नाही, पण इन्फ्लेटचे सारे काम प्रोसेसरच करतो, त्यामुळे अडचण आली नाही. संकुचित करणारी बाजू, डिफ्लेट, पूर्वनिर्धारित मूल्यांवर २५६ किलोबाइट मागते. ती या चिपवर तशी मावलीच नसती, आणि बूटलोडरला तिची गरजही नव्हती.

तपासणी

शेवटी दोन तपासण्या बिल्डमध्ये कायमच्या घातल्या. पहिली हेडरमध्ये आहे: होस्टेड अवस्था दर्शवणारा कंपाइलरचा मॅक्रो १ असेल, तर तिथेच चूक दाखवून कंपाइल थांबते. दुसरी प्रत्येक स्टॅटिक लायब्ररी तयार झाल्यावर चालते. एनएम या साधनाने अनिर्णित चिन्हांची, म्हणजे बोलावलेल्या पण तिथे नसलेल्या नावांची, यादी काढली जाते आणि ती एका छोट्या मजकूर-फाइलीशी ताडून पाहिली जाते. त्या फाइलीत चार स्मृति-फंक्शने, ईएबीआयची त्यांची रूपे, लिबजीसीसीतले भागाकाराचे फंक्शन आणि प्रकल्पाची स्वतःची जाहीर नावे आहेत. याबाहेरचे एकही नाव आले की बिल्ड अयशस्वी होते आणि ते नाव छापले जाते. ऑप्टिमायझेशन बंद असताना आणि चालू असताना कंपाइलर वेगवेगळी फंक्शने मागू शकतो, म्हणून ही ताडणी डीबग आणि रिलीज या दोन्ही बिल्डवर, आणि जीसीसी व क्लँग या दोन्ही कंपाइलरवर चालवली जाते. मजकूर-फाइलीत नवी ओळ घालायची असेल, तर ते नाव कोणत्या स्रोत-फाइलीमुळे आले हे त्याच बदलाच्या नोंदीत लिहावे लागते.